"तो मला आई म्हणत नाही" : आजीकडून परत आलेल्या मुलाची गोष्ट

लहान मुले आणि त्यांचे पालक यांच्या नात्यावर मी उपचाराचे काम करते. दरवर्षी जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन येणाऱ्या आया वाढतात. मूल तान्हे असताना नोकरीमुळे गावी आजीकडे ठेवलेले असते, शाळेत घालायचे म्हणून मे महिन्यात शहरात आणलेले असते, आणि ते आईकडे फिरकत नसते. "माझी आणि त्याची नाळ जुळलीच नाही का? आता उशीर झाला का?" असे त्या विचारतात, आणि विचारताना बहुतेकींची नजर खाली असते. अशाच एका आईची आणि तिच्या मुलाची हकिकत येथे सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील, गावांसह, मी बदलले आहेत आणि लिहिण्यास आईची संमती आहे. मुलाला सोन्या म्हणू. सोन्या घरोघरी असतो.

आई भोसरीजवळच्या एका लहान खाजगी रुग्णालयात परिचारिका, वडील चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी असेही कायद्यात आले. परंतु या बाईंच्या रुग्णालयात तशी सोय नव्हती, आणि रजा संपल्यावर रात्रपाळी सुरू झाली. सासूबाईंना म्हशी आणि शेत सोडून पुण्याला येऊन राहणे शक्य नव्हते. म्हणून सहा महिन्यांचा सोन्या बार्शीकडच्या गावी गेला तो चार वर्षांचा होऊन परतला. मधल्या काळात आई-वडील दिवाळीला, यात्रेला आणि जमेल तेव्हा दोन दिवस जाऊन येत. तो आजीला "आई" म्हणे आणि आईला "मम्मी". गावी त्याचे कोणालाच नवल वाटले नाही, कारण अनेक घरांत असेच असते.

माझ्याकडे आई ऑगस्टमध्ये एकटीच आली. तिने तक्रारी अगदी रुग्णाच्या नोंदी सांगाव्यात तशा क्रमाने सांगितल्या. मुलगा रात्री दोनदोनदा उठून बसतो. पडला, लागले, तरी रडत नाही. कॉटखाली जाऊन बसतो. जवळ घेतले की अंग ताठ करतो. शेजारच्या काकूंच्या मांडीवर मात्र आपणहून जाऊन बसतो. मोबाइलवर वाचून तिने एका विकाराचे नावही शोधून ठेवले होते. मी तिला सांगितले की ते निदान अत्यंत उपेक्षेत, माया करणारे एकही स्थिर माणूस न मिळता वाढलेल्या मुलांसाठी आहे, आणि आजीच्या कुशीत साडेतीन वर्षे वाढलेल्या मुलाला ते चिकटवणे हा आजीवरही अन्याय आहे. तरीही खेळाच्या खोलीत मुलाला आणण्याआधी मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. मूल प्रतिसाद देत नाही, या तक्रारीमागे ऐकू कमी येणे किंवा वाढीतली एखादी अडचणही असू शकते, आणि ती तपासल्याशिवाय सगळे खापर भावनांवर फोडणे बेजबाबदारपणाचे ठरते. तपासणीत काही निघाले नाही.

मग मी तिला आजी गेली तो दिवस सविस्तर सांगायला सांगितले. आजी मे महिन्यात त्याला घेऊन आली, आठ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी दुपारी तो झोपलेला असताना गुपचूप एसटीला जाऊन बसली. रडारड नको म्हणून हे सगळ्यांनी मिळून ठरवले होते. जागा झाल्यावर त्याने कॉटखाली पाहिले, न्हाणीघरात पाहिले, दाराबाहेर जाऊन आजीच्या चपला पाहिल्या, आणि परत येऊन बसला. तो रडला नाही. "किती शहाणा आहे," असे सगळे म्हणाले. त्यानंतर कोणाच्या तरी सल्ल्याने आजीचे फोनही बंद झाले, कारण आवाज ऐकला की त्याला आठवण येईल आणि मग तो रुळणार नाही, असा समज होता.

या शहाणपणाबद्दल मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये रुग्णालयांत लहान मुलांना आई-वडिलांनी भेटण्याच्या वेळा अगदी मोजक्या असत. दाखल झालेले मूल आधी आक्रोश करी, मग मलूल होई, आणि काही दिवसांनी गप्प राहून परिचारिकांशी हसूबोलू लागे. तेव्हा ते रुळले असे समजले जाई. आई-वडिलांपासून दुरावलेल्या मुलांचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये अशाच एका दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट करून दाखवला आणि हे रुळणे नसून अलिप्त होणे आहे, असे त्यांनी आणि त्यांचे सहकारी, मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले. मूल दुःख संपले म्हणून गप्प बसत नाही. हाक मारून कोणी येत नाही हे कळल्यामुळे ते हाक मारणे सोडून देते. हे ऐकताना आई एकदम ताठ बसली. "आमच्याकडे लहान पेशंटच्या कॉटवर आई झोपते, मॅडम. आई चहाला गेली तरी मी पोराला सांगते, आई आत्ता येणार आहे म्हणून." एवढे बोलून ती थांबली. पुढचे वाक्य मी बोलले नाही, आणि तिलाही बोलावे लागले नाही.

सोन्या पहिल्यांदा आला तेव्हा आईला मी खोलीतच बसवले. माझ्या पद्धतीत लहान मुलाबरोबरचे काम शक्यतो पालकासमोर आणि पालकासह होते. आठवड्यातून तास-पाऊण तास भेटणाऱ्या माझा लळा लागून त्याच्या घरात काय बदलणार? पहिल्या दोन भेटींत तो दाराजवळच राहिला. तिसऱ्या भेटीत त्याने लाल एसटी आणि बाहुल्या घेतल्या. मुलाच्या बाहुलीला त्याने आडवे केले, माझ्या टेबलावरचा हातरुमाल उचलून तिच्यावर नीट, कोपरे ओढून पांघरला. म्हातारीची बाहुली गाडीत बसवली. गाडी ढकलताना त्याने तोंडाने आवाज केला नाही, उलट माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजला, "गप. उठंल त्यो."

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. आपण झोपलो आणि त्या झोपेत माणूस गेले, एवढा हिशेब चार वर्षांच्या मुलाने मांडला होता, आणि तो चुकीचा नव्हता. तेव्हा रात्री उठून बसणे हा हट्ट नसून राखण होती. त्यात भर अशी की आईला रात्रपाळी असली की वडील त्याला गच्चीवर नेत आणि तेवढ्यात आई निघून जाई. घरातले जाणे नेहमी नजर चुकवूनच होते, ही त्याची खात्री दर आठवड्याला पक्की होत होती.

मुलाच्या मनावरील आघाताचे भान ठेवून काम करणे म्हणजे काय, असे मला पुष्कळदा विचारले जाते. माझ्यापुरते उत्तर असे की "या मुलाचे काय बिघडले आहे" याआधी मी "याच्या बाबतीत काय घडले आहे" हे पाहते, आणि जे घडले ते त्याच्याकडून वदवून घेण्याची घाई करत नाही. त्या दिवशी मी सोन्याला आजीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त गाडीकडे पाहून म्हटले, "उठल्यावर त्याला म्हातारी दिसली नाही, तर त्याला कसं वाटलं असेल!" त्याने गाडी खोक्याखाली सरकवली आणि तो आईपासून हातभर अंतरावर जाऊन बसला. हातभरच, पण आईच्या बाजूला.

घरी तीन गोष्टी बदलायच्या ठरल्या. आजीचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी सुरू झाला. आईला हे जड गेले. इतके करूनही तो आजीचाच राहिला तर, ही तिची भीती खरी होती. मी तिला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या युगांडातील कामाबद्दल सांगितले. 1954-55 मध्ये त्यांनी तिथल्या 26 कुटुंबांतील तान्ह्या मुलांचे घरी जाऊन निरीक्षण केले. ती मुले अनेक हातांत वाढत होती, आणि आईखेरीज इतर माणसांशीही त्यांचे घट्ट लागेबांधे जुळत होते. आपल्या एकत्र कुटुंबांना हे कोणी परदेशातून येऊन सांगायला नको. आजीने वाढवले याने मुलाचे नुकसान झालेले नसते. ज्या मुलाला एका माणसावर विसंबता आले त्याला दुसऱ्यावर विसंबणे जमण्याची आशा अधिक असते. नुकसान होते ते दोर एका दुपारीत कापल्याने. आजीला विसरायला लावून आई होता येत नाही, हे मी या आईला किमान पाच वेळा सांगितले असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगून जाणे. कालनिर्णयच्या पानावर आईच्या रात्रपाळीचे दिवस सोन्याने निळ्या खडूने रंगवायचे, आणि निघताना आईने दारात उभे राहून "मी जाते, सकाळी दूध यायच्या वेळी येते" असे म्हणायचे. पहिल्या आठवड्यात तो इतका रडला की वडिलांनी मला फोन करून "मॅडम, हे उलटंच झालं" असे ऐकवले. तो रडू लागला हीच माझ्या दृष्टीने पहिली सुधारणा होती, पण रात्री आठला रडते पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते पटवणे सोपे नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे जबरदस्तीने कवटाळणे बंद. "घट्ट धरून ठेव, सुटू देऊ नकोस, आपोआप लळा लागेल," असे नणंदेने सुचवले होते. हा सल्ला निरागस वाटला तरी त्याची टोकाची रूपे भयंकर आहेत. अमेरिकेत कोलोराडो राज्यात 2000 साली "अटॅचमेंट"च्याच, म्हणजे लळ्याच्याच, नावाखाली चाललेल्या अशा एका उपचारात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्या प्रकाराविरुद्ध कायदा झाला. दाबून धरणे, कोंडणे, मुद्दाम रडवणे असले काही कोणी उपचार म्हणून सुचवले, तर मुलाला घेऊन सरळ उठून यावे.

मधे गोधडीचे प्रकरण झाले. आजीच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी सोन्याबरोबर आली होती. तिला चुलीच्या धुराचा आणि मिश्रीचा वास येई. परिचारिका असलेल्या आईने एका रविवारी ती मशीनमध्ये टाकून सुवासिक पावडरने धुतली. सोन्याने ती नाकाशी धरली, खाली टाकली आणि दोन दिवस जवळजवळ काही खाल्ले नाही. आई माझ्यासमोर रडली ती पहिल्यांदा तेव्हा. मी विचारले, "तुम्ही लहानपणी रडायचात तेव्हा जवळ कोण घ्यायचं?" ती हसली, "आमच्यात रडायला वेळ कुठं होता," म्हणाली, आणि पर्सची चेन उघडझाप करू लागली. मी विषय तिथेच सोडला.

तो धागा तिने स्वतःच चार भेटींनंतर उचलला. वडील वारल्यावर सहाव्या वर्षी तिला मामाकडे पाठवले होते, आणि निघताना आईने बजावले होते की मामीसमोर रडायचे नाही. ती रडली नाही. शिकली, नोकरीला लागली. आता पोर रडू लागले की तिचे हातपाय गार पडत आणि ती काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जाई. पालकांच्या बालपणाबद्दल मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी 1980 च्या दशकात जे संशोधन केले, त्याचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग हाच की बालपण सुखाचे होते का, यापेक्षा त्याची गोष्ट माणसाला सलगपणे, न पळता सांगता येते का, याचा मुलाशी जुळणाऱ्या नात्याशी अधिक संबंध दिसतो. आम्ही मामाच्या घराची गोष्ट थोडी थोडी, तिला झेपेल तेवढीच, पाच भेटींत सांगून घेतली. एका भेटीत तर आम्ही फक्त मामाच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाबद्दल बोललो, कारण ती तिथे लपून बसत असे.

गोधडीबद्दल तिने मुलाची माफी मागितली. "मला कळलं नाही की त्यात आईचा वास होता," असे ती म्हणाली, आणि आजीला तिने पहिल्यांदाच त्याच्यासमोर "आई" म्हटले. मग आजीला फोन करून, अंगावरचे एक लुगडे न धुता पाठवायला सांगितले. ते गावाकडून येणाऱ्या एका जीपवाल्याबरोबर आले. आजीने त्यात शेंगादाण्याचे लाडू बांधले होते, त्यामुळे वासात थोडा गूळही मिसळला होता, पण ते चालले.

हे सगळे सरळ चढत गेले असे नाही. दिवाळीत गावाहून परतल्यावर तो पुन्हा आठवडाभर कॉटखाली गेला, आणि जानेवारीत आईच्या सलग सहा रात्रपाळ्या आल्या तेव्हा त्याने तिला चावा घेतला. फेब्रुवारीत एकदा जिन्यात पडल्यावर तो गुडघा दाखवायला आईकडे आला. तिने तिथेच पायरीवर बसून अर्धा तास फुंकर घातली, आणि ड्यूटीला उशीर झाला.

एप्रिलमध्ये ते गावी जाऊन आले. या वेळी आजी स्टँडपर्यंत आली, खिडकीखाली उभी राहिली आणि गाडी सुटेपर्यंत हात हलवत राहिली. पुन्हा कधी यायचे ते तिने त्याला सांगितले. सोन्या बार्शीपासून कुर्डुवाडीपर्यंत रडला, आईच्या साडीला नाक पुशीत, आणि मग तिच्या मांडीवर झोपला. आईला तो अजून मम्मीच म्हणतो. मे महिन्याच्या पानावर रात्रपाळ्या जास्त आहेत आणि निळा खडू संपत आला आहे, असे ती मागच्या भेटीत जाता जाता म्हणाली.