आधी खारीची उडी मोजा, मग फीडर घ्या

तुम्ही विचारलंय की परसातल्या बर्ड फीडरमधले दाणे पक्ष्यांच्या आधी खारीच संपवतात, तर दाण्यांत मिरचीपूड मिसळावी का आणि खांबाला ग्रीस फासावं का. मिरचीला माझं उत्तर अर्धवट 'हो' आहे आणि ग्रीसला साफ 'नाही'. पण त्याआधी मला सांगा, तुमचा फीडर जवळच्या झाडापासून किती फुटांवर आहे?

हा प्रश्न मला स्वतःला सुचायला तीन वर्षं लागली. तोवर मी नुसते फीडर बदलत होतो. पहिला प्लास्टिकचा होता. खारीने आठवड्याभरात त्याची भोकं अंगठा आरपार जाईल एवढी कुरतडून ठेवली. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात, त्यामुळे कुरतडायचा तिला कंटाळा कसा तो नाही. दुसरा लाकडी होता, त्याचं झाकण ती डोक्याने उचलायची. तिसऱ्याच्या खोक्यावर 'खारींपासून सुरक्षित' असं ठळक छापलं होतं. त्याला ती मागच्या पायांनी उलटी लटकली आणि दोन्ही हातांनी निवांत जेवली. खारीचा मागचा घोटा फिरून पाऊल पार उलटं होतं, म्हणून तर ती झाडावरून डोकं खाली करून उतरू शकते. खोकं छापणाऱ्याच्या हे गावी नसावं. छोट्याशा हिश्श्याला 'खारीचा वाटा' म्हणायचं असं ज्याने कुणी ठरवलं, त्याच्याकडेही फीडर नसणार.

आता उडीकडे येऊ. मोठी करडी खार जमिनीवरून 4 ते 5 फूट उंच उडते, आडवी 8 ते 10 फूट जाते, आणि वरच्या फांदीवरून खाली झेप घ्यायची असेल तर अंतर तिला जवळपास अडवतच नाही. म्हणजे फीडर झाडाच्या फांदीला टांगला की खेळ तिथेच संपला. तो मोकळ्या जागेत, स्वतंत्र लोखंडी खांबावर हवा. झाड, कुंपण, भिंत, छपराची कड, कपडे वाळत घालायची दोरी, सगळ्यांपासून निदान 10 फूट लांब. दोरी मी मुद्दाम लिहिली, कारण माझी खार तिच्यावरूनच यायची आणि मी झाडाच्या फांद्या तोडत बसलो होतो. लांब नेताना घराच्या खिडक्यांकडेही लक्ष द्या. काचेपासून मधल्याच अंतरावर फीडर आला, तर दचकून उडालेले पक्षी वेगाने काचेवर आदळतात. काचेला अगदी लागून, 3 फुटांच्या आत ठेवला तर ही धडक टळते, पण मग भिंत खारीच्या उडीत येते; म्हणून 30 फुटांच्या पलीकडेच न्या.

अंतर मिळालं की खारीला खांबावरून चढण्याखेरीज वाट उरत नाही, आणि ती बंद करणं सोपं आहे. 6 ते 8 इंच रुंद आणि 2 फूट लांब असं पत्र्याचं नळकांडं घ्या. वरचं तोंड बंद करून मधोमध खांब जाईल एवढंच भोक ठेवा, खालचं तोंड उघडं असू दे. खांबाला एक क्लिप आवळून त्यावर हे नळकांडं सैलसर टेकवा, वरची कड जमिनीपासून 5 फुटांवर येईल अशा बेताने. खार खांबावरून चढत आत शिरते, वर अंधार आणि बंद झाकण लागतं, मुकाट्याने खाली येते. बाहेरून चढायला जावं तर पत्रा गुळगुळीत, मिठीत न मावणारा आणि वर डुगडुगणारा. विकत मिळणारी याची जात 'बॅफल' नावाने येते, पण पत्र्याचं काम करणारा कुणीही हे करून देईल. हे बसवल्यावर माझा कुरतडलेला जुना फीडरसुद्धा पुन्हा कामाला आला.

परस एवढं मोठं नसेल तर? मग जाळीचा किंवा वजनावर चालणारा फीडर बघा, पण तुमची खार कोणती ते आधी पाहा. चिमणी 25-30 ग्रॅमची, मोठी करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास. एवढा फरक असला की वजनाने भोकं झाकणारी स्प्रिंग चोख काम करते. पाठीवर पट्टे असलेली छोटी खार मात्र साधारण 100 ग्रॅमचीच असते आणि साळुंकीही जवळपास तेवढीच. तिला अडवाल तर साळुंक्या नि होलेही उपाशी राहतील. जाळीचंही तसंच, करडीला अडवणाऱ्या दीड इंची चौकटीतून छोटी खार आरामात आत जाते. अशा ठिकाणी माझ्या मते सरळ उपाय एकच: पक्षी सकाळी तासाभरात संपवतील एवढेच दाणे घालायचे. खार खाते त्याहून जास्त पळवून नेते आणि जागोजागी पुरते, म्हणून भरलेला फीडर बघता बघता रिकामा होतो.

मिरचीचा उपाय खरं तर मला फार आवडतो, निदान कागदावर. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवरच्या टीआरपीव्ही1 या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतं. हीच ग्राही उष्णताही ओळखते, म्हणून तिखट लागतं तेव्हा तोंड भाजल्यासारखं होतं. पक्ष्यांमधली तीच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. मिरचीचा यात स्वार्थ आहे. सस्तन प्राणी दाढांखाली तिचं बी चिरडून टाकतात, पक्ष्यांच्या पोटातून मात्र ते अख्खं बाहेर पडतं आणि लांब जाऊन रुजतं. तेव्हा पक्ष्यांना तिखट लागेल ही काळजी सोडा. अडचण वेगळीच आहे. कोरडी पूड दाण्यांना चिकटत नाही, तळाशी बसते, आणि वारा आला की भरणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. मी दोनदा रडलोय. शिवाय माझ्याकडच्या एका खारीने चार दिवस शिंका देऊन पाचव्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. करायचंच असेल तर तिखटाचा लेप दिलेले तयार दाणे आणा.

त्यापेक्षा दाणाच बदलून पाहा. शेंगदाणे आणि सूर्यफूल म्हणजे खारीला जेवणाचं आमंत्रण. करडई तिला सहसा आवडत नाही, पोपट आणि होले मात्र खातात. बदल हळूहळू करा, नाहीतर पक्षीही चार दिवस रुसतात. कारळेही चालतील, पण त्यांना अगदी बारीक भोकांचा फीडर लागतो.

आणि हो, फीडर रात्रीतून रिकामा होत असेल तर बिचाऱ्या खारीवर आळ घेऊ नका. ती दिवसा वावरते. रात्रीचा चोर बहुधा उंदीर असतो आणि तो खाली सांडलेल्या दाण्यांमुळे येतो. संध्याकाळी खालची जागा झाडून घ्या.

राहिलं ग्रीस. खार एक-दोनदा घसरते, बघायला मजाही येते. पण तेच ग्रीस पक्ष्यांच्या पिसांना लागलं तर त्यांना ते चोचीने काढता येत नाही. पिसं चिकटतात, ऊब टिकत नाही, पाणी आत शिरतं, आणि साफ करताना ते पोटातही जातं. तेल आणि व्हॅसलीनचंही तेच. आधीच फासलं असेल तर आजच गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने खांब घासून काढा, कोरडा झाल्यावर बोट फिरवून पाहा, आणि बोट चिकट लागलं तर पुन्हा घासा.