लॅपटॉप जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला जोडला की हमिंग येतं. यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारी डबी) घेऊ, की ऑप्टिकल (प्रकाशाच्या) किंवा कोॲक्सियल (तांब्याच्या) डिजिटल केबलने जोडू? लॅपटॉपचा चार्जर काढला की हमिंग थांबतं.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती शेवटच्या ओळीत आहे: चार्जर काढला की हमिंग थांबतं. म्हणजे दोष हेडफोन सॉकेटचा किंवा साउंडकार्डाचा नाही, ग्राउंडचा (उपकरणांच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेचा) आहे. म्हणून नुसता यूएसबी डॅक आणलात तर आवाज कदाचित सुधारेल, पण हमिंग बहुधा तसंच राहील.

लॅपटॉपचं ग्राउंड चार्जरमधून मेन्सशी जोडलेलं असतं. थ्री-पिन चार्जर असेल तर थेट अर्थिंगशी, टू-पिन असेल तर आतल्या छोट्या कपॅसिटरमधून. ॲम्प्लिफायरही कुठून तरी अर्थ झालेला असतो, स्वतःच्या प्लगमधून किंवा त्याला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून. मग आरसीए केबलच्या (लाल-पांढऱ्या प्लगच्या ऑडिओ केबलच्या) बाहेरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा आणि चार्जरच्या स्विचिंगचा थोडा करंट वाहू लागतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाच सिग्नल समजून वाढवतो. माउस हलवताना बारीक चिरचिर ऐकू येत असेल तर तीही याच वाटेने येते. यूएसबी केबलमध्ये ग्राउंडची तार असतेच, त्यामुळे मध्ये डॅक आला तरी ही वाट तुटत नाही. कोॲक्सियलमध्येही तांबंच आहे. काही उपकरणांत त्या सॉकेटमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो ग्राउंड तोडतो, पण बाहेरून बघून ते कळत नाही.

आधी फुकटचे उपाय करून बघा. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. सेट-टॉप बॉक्सची केबल ॲम्प्लिफायरपासून काढून ऐका. एवढ्यानेही बऱ्याचदा काम होतं. अर्थची पिन तोडण्याचा किंवा टू-पिन ॲडॅप्टर लावून ती टाळण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात.

तरीही हमिंग राहिलं, तर माझं मत ऑप्टिकलला. टॉसलिंक (ऑप्टिकल) केबलमधून फक्त लाल प्रकाश जातो, त्यामुळे दोन उपकरणांची ग्राउंड जोडली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. हल्लीच्या लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट नसतं, म्हणून यूएसबीवरून ऑप्टिकल देणारा छोटा कन्व्हर्टर घ्या आणि ॲम्प्लिफायरजवळ ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक ठेवा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. बऱ्याच छोट्या डॅकना वीज यूएसबी केबलने द्यावी लागते आणि लोक ती लॅपटॉपमधूनच देतात. तसं केलं की तुटलेलं ग्राउंड पुन्हा जुळतं आणि ऑप्टिकलचा फायदा संपतो. डॅकला वेगळा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर द्या.

टॉसलिंकच्या नव्या केबलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते, ती काढायची राहते आणि आवाज येत नाही. केबल करकचून दुमडू नका आणि ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने जातात तो आकडा) ९६ किलोहर्ट्झपर्यंत असेल तर सहसा अडचण येत नाही. १९२ ला मात्र बऱ्याचदा कट-कट आवाज येतो किंवा डॅक सिग्नल पकडतच नाही. तसं झालं तर सेटिंग ९६ वर आणा.

घरात आधीच चांगला यूएसबी डॅक असेल तर यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारी डबी) लावता येतो, पण विकत घेण्याआधी त्याचा वेग बघा. स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटचे असतात. तेवढ्यात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ बसतं, पण त्याहून जास्त वेगावरच (यूएसबी हाय-स्पीडवरच) चालणारा डॅक त्यावर ओळखलाच जात नाही. आरसीए केबलमध्ये लावायचे छोटे ग्राउंड लूप आयसोलेटर हमिंग थांबवतात, मात्र त्यांच्या इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा बास बिघडतो. तबल्याच्या डग्ग्यावर ते लगेच कळतं.

हमिंगचा त्रास नसेल आणि कोॲक्सियल वापरायचं असेल तर केबल ७५ ओहमची हवी, एवढंच बघा. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ केबल किंवा डिशच्या आरजी-६ वायरला आरसीए प्लग लावून केलेली केबल उत्तम चालते. महागड्या केबलवर पैसे घालवू नका.

आता सेटिंग. विंडोज सगळे आवाज मिसळून एकाच ठरलेल्या सॅम्पल रेटला पाठवतं आणि तो बऱ्याचदा ४८ किलोहर्ट्झ असतो. सीडीवरून उतरवलेली गाणी ४४.१ ची असतात. साउंड सेटिंगमध्ये त्या डॅकच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४४१०० निवडा, किंवा फूबार २००० या म्युझिक प्लेअरमध्ये एक्स्क्लूझिव्ह आउटपुट निवडा, म्हणजे विंडोजचा मिक्सर मध्ये येत नाही. मॅकवर हेच ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये करता येतं. फरक फार मोठा नसतो, पण दोन मिनिटांचं काम आहे. यूएसबी ऑडिओ क्लास २ या मानकाच्या डॅकला विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

सिनेमा लावल्यावर डॅकमधून शांतता किंवा नुसती खरखर आली तर प्लेअरमध्ये पासथ्रू (डेटा न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू आहे. स्टिरिओ डॅकला डॉल्बीचा डेटा उलगडता येत नाही, म्हणून आउटपुट पीसीएम (उलगडलेला साधा डिजिटल आवाज) करा.

डॅकचं आउटपुट ॲम्प्लिफायरच्या ऑक्स, सीडी किंवा ट्यूनर सॉकेटला द्या. फोनोला कधीच नाही, तिथे रेकॉर्ड प्लेअरसाठी सुमारे ४० डेसिबलची जादा वाढ आणि वेगळं इक्वलायझेशन असतं. विंडोजचा व्हॉल्यूम १०० वर ठेवा आणि आवाज ॲम्प्लिफायरच्या नॉबने कमी-जास्त करा. पहिल्यांदा सुरू करताना तो नॉब पूर्ण खाली असू द्या, कारण डॅकमधून साधारण २ व्होल्ट येतात आणि लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी. जुन्याच जागी नॉब राहिला तर पहिल्याच गाण्याला स्पीकरवर एकदम जोर येईल.