'इंडेंचर' आणि कोकणचा दंतुर किनारा

प्रश्न असा: अमेरिकेच्या वसाहतकाळातल्या 'इंडेंचर्ड सर्व्हंट'ना मराठीत वेठबिगार म्हणावे की गुलाम?

दोन्ही नको. अनुवादांत, व्याख्यानांत हे शब्द इतके सर्रास एकमेकांच्या जागी येतात की आता चीड येते. वेठ ही संस्कृतातली विष्टि, बिगार फारशी. दोन्हींचा अर्थ एकच, जुलमाने फुकट करून घेतलेले काम. व्हर्जिनियात उतरणारा इंग्रज पोरगा मात्र जहाजाच्या भाड्यापोटी साधारण 4 ते 7 वर्षे राबायचे लिहून देऊन आलेला असे. खाणेपिणे मालकाकडे, मुदत सरली की मका, कपडे असे काहीबाही पदरात. हाल अतोनात होत, करारासकट त्याला विकताही येई. पण मुदत होती.

आता 'इंडेंचर'चे मूळ पाहा. लॅटिन 'देन्स' म्हणजे दात, आपल्या 'दंत'चा सख्खा भाऊ! पूर्वी एकाच तावावर करार दोनदा लिहीत, एक वर, एक खाली. मग मधून करवतीच्या दात्यांसारखे वेडेवाकडे कापून एकेक तुकडा दोघांना देत. तंटा झाला की तुकडे शेजारी ठेवायचे. दात्यात दाता बसला नाही तर कागद खोटा. 'कोकणचा किनारा दंतुर आहे' हे शाळेत घोकले ना? तोच दंतुर. इंग्रजीतही अशा किनाऱ्याला 'इंडेंटेड' म्हणतात. म्हणून माझा आग्रह आहे की कागदाला 'दंतुरपत्र' म्हणावे. कोशकार 'करारपत्र' देऊन मोकळे होतात. करारपत्र तर घरमालक आणि भाडेकरूही करतात; त्यात हे दाते कुठे दिसतात?

काही जाणकार 1976 चा वेठबिगारी उच्चाटनाचा कायदा पुढे करतात: त्यात कर्जापायी बांधलेला मजूर येतो, मग हाही का नको? कायद्याने आपल्याकडच्या पिळवणुकीसाठी शब्दाचा अर्थ रुंदावला, ते योग्यच झाले. तो रुंद अर्थ उचलून सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियावर चिकटवणे हा निव्वळ आळस आहे. त्यापेक्षा 'गिरमिटिया' जवळचा. ते गिरमिट म्हणजे सुताराचे हत्यार नव्हे, 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेले मराठी मजूरही असेच मुदतीच्या कराराने गेले होते.

मुदतीला एवढे महत्त्व का? 1787 च्या अमेरिकी राज्यघटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवताना 'ठरावीक वर्षांच्या चाकरीने बांधलेले' लोक स्वतंत्र माणसांत, अख्खे मोजले आहेत. 'इतर सर्व व्यक्ती' मात्र तीन-पंचमांश. या 'इतर' म्हणजे गुलाम. 'गुलामी' हा शब्द घटनेत आला 1865 मध्ये, तेराव्या दुरुस्तीने, ती रद्द करताना. दोघांना मराठीत एकच शब्द वापरला तर हे कलम वाचकाला कळणारच नाही.

तेव्हा माणसाला म्हणावे 'मुदतबंद चाकर'. 1640 मध्ये व्हर्जिनियात असे तीन चाकर पळाले आणि पकडले गेले. तिघांनाही फटके. व्हिक्टर हा डच आणि जेम्स ग्रेगरी हा स्कॉट, यांची चाकरी 4 वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, कृष्णवर्णी. त्याच्या निकालात 'गुलाम' हा शब्द नाही; मुदतीच्या जागी 'हयातभर' एवढेच आले.