काढ्याने एचआयव्हीचा रिपोर्ट बदलतो का?

प्रश्न : ताई, माझं वय २६. चाकणला कंपनीत आहे, रूमवर चौघे राहतो. गणपतीत गावी न जाता मित्रांबरोबर फिरायला गेलो. तिथे एका अनोळखी बाईशी निरोध न वापरता संबंध आला. दुसऱ्या दिवसापासून झोप उडाली. मित्राने एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी गुळवेल, कडुनिंब, अश्वगंधाचा काढा आणि कसल्याशा पुड्या दिल्या, ‘विषाणू मुळातून जळतो’ म्हणाले. २८ व्या दिवशी खासगी लॅबमध्ये तपासणी केली, निगेटिव्ह आली. वैद्य म्हणतात हा काढ्याचा गुण, आणखी एक कोर्स घ्या. रूममेट म्हणतो काढ्यामुळेच रिपोर्ट खोटा आला असणार. घरी तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरवायचं चाललंय. कोणाचं खरं धरू?
— एक वाचक, चाकण

उत्तर : दोघांचंही नको. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशक म्हणून बसताना ही जोडी मला नेहमी भेटायची : काढा विकणारा एक आणि काढ्याला घाबरवणारा दुसरा.

आधी रूममेटचं. चाचणी रक्तात काय शोधते? विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी), आणि काही चाचण्यांत विषाणूचा पी-२४ हा तुकडाही (अँटीजेन). गुळवेल पिऊन ती प्रतिपिंडं लपत नाहीत, अश्वगंधाने नवी उगवतही नाहीत. रॅपिड किटवर कंट्रोलची रेघ वेगळी असते. ती उमटली नाही तर किट बाद, रिपोर्ट देतच नाहीत. लसूण, दारू, तापाची गोळी, उपवास, कशानेही हा निकाल फिरत नाही.

निकाल चुकवते ती घाई. लागण झाली तरी चाचणीत दिसण्याइतकी प्रतिपिंडं व्हायला वेळ लागतो. म्हणून रिपोर्टचा कागद परत काढा आणि चाचणीचा प्रकार लिहिलेली ओळ वाचा. नुसतं ‘अँटीबॉडी’ किंवा ‘रॅपिड’ असेल तर लागण दिसायला २३ ते ९० दिवस लागू शकतात. ‘अँटीजेन-अँटीबॉडी’ किंवा ‘कॉम्बो’ असेल आणि शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली असेल, तर १८ ते ४५ दिवस. तुमचा २८ वा दिवस दोन्ही मुदतींच्या आतच पडतो. रिपोर्ट खोटा नाही, पण शेवटचाही नाही. कॉम्बो ४५ दिवसांनंतर किंवा साधी रॅपिड ९० दिवसांनंतर निगेटिव्ह आली, आणि मधे पुन्हा तसा संबंध आला नसेल, तर विषय संपला. दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये बोट टोचून घेऊ नका, त्यात फक्त पगार जातो.

आता वैद्यबुवा. समोरची व्यक्ती बाधित असली तरी अशा एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याचा अंदाज दहा हजारांत चारच्या आसपास आहे (गुप्तरोगाची जखम असेल तर धोका वाढतो). म्हणजे काढा घेणाऱ्या, लिंबूपाणी पिणाऱ्या किंवा काहीच न घेणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट निगेटिव्हच येणार होता. त्याचं श्रेय आयतं खिशात घालायचं आणि दुसऱ्या कोर्सचे पैसे मागायचे, हा धंदा जुना आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये, कोणते रोग बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही, त्यांची एक यादी आहे. तिच्यात एड्स आहे. पुड्या आजच थांबवा. त्यांत पारा-शिसं आहे की काय, कोण सांगणार? गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांकडे जा आणि काढ्याचं नाव न लाजता सांगा.

खरं उपयोगी पडलं असतं ते औषध म्हणजे पीईपी. एचआयव्हीच्याच गोळ्या, ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यायच्या. तुमची ती वेळ गेली, पण रूमवर अजून तिघे आहेत, त्यांच्या कानावर घाला. तुम्ही तशा गोळ्या घेतल्या असतील तर मात्र केंद्रात सांगा, त्यांच्यामुळे प्रतिपिंडं उशिरा दिसू शकतात.

पुढची तपासणी सरकारी आयसीटीसीत करा, फुकट होते. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तरी त्यावर शिक्का मारत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करणं किंवा निकाल दुसऱ्याला सांगणं २०१७ च्या कायद्याने मना आहे. १०९७ या टोल फ्री नंबरवर जवळचं केंद्र कळेल. त्याच रक्तात सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी बघून घ्या.

लग्नाचं म्हणाल तर ९० दिवस भरेपर्यंत तारीख धरू देऊ नका. घरच्यांना कारण सांगायची गरज नाही, कंपनीत रजा मिळत नाही म्हणा. चाकणमध्ये त्यावर कोणीही विश्वास ठेवेल. आणि तोवर कोणाशीही संबंध आला तर निरोध वापरा, रक्तदान करू नका.