बोक्याचा दूधभात, पनीर आणि कुकरमधलं पाणी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड वर्षाचा बोका, घर शाकाहारी, त्यामुळे दूध-पोळी, वरणभात, ‘प्रोटीनसाठी’ पनीर आणि अधूनमधून शेजारच्या कुत्र्याच्या पिशवीतलं खाद्य. डॉक्टरांनी टॉरिन कमी पडत असेल म्हणून सांगितलं. तेव्हा टॉरिनची पूड दूधभातात घातली की काम होईल का, असं तुम्ही विचारताय.

नुसत्या पुडीनं होणार नाही. का, ते सांगते.

टॉरिन हे अमिनो आम्ल जरा वेगळ्या जातीचं आहे. बाकीची अमिनो आम्लं एकमेकांत गुंफून प्रथिनं बनतात, हे त्या माळेत बसतच नाही. स्नायूंत, हृदयात, डोळ्यांच्या पडद्यात सुटं फिरत असतं. म्हणून पाकिटावर प्रोटीन किती टक्के लिहिलंय त्यावरून टॉरिनचा काही अंदाज येत नाही. आपण माणसं आणि बहुतेक कुत्री इतर अमिनो आम्लांपासून ते शरीरात बनवतो. मांजराच्या यकृतात हे काम करणारी एन्झाइम्स फार मंद चालतात. वर खर्चही मोठा: पित्तातली आम्लं बांधायला मांजर फक्त टॉरिनच वापरतं. आपल्याकडे टॉरिन कमी पडलं तर ग्लायसीनवर भागतं, त्याच्याकडे ती सोय नाही. पित्त आतड्यात उतरतं, त्यातलं काही टॉरिन परत शोषलं जातं, काही तिथले जिवाणू फस्त करतात. थोडक्यात, टाकीला गळती आहे आणि भरायची वाट एकच, तोंडातून. (टॉरिन पहिल्यांदा वेगळं केलं तेही पित्तातूनच, १८२७ साली, बैलाच्या. नाव त्या बैलावरूनच पडलं.)

आता पनीर. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या मांजरांच्या आहारात प्रथिन म्हणून फक्त केसीन होतं, त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजला आणि त्यामागे टॉरिनची कमतरता होती. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. पनीर म्हणजे, पाणी आणि चरबी सोडली तर, बव्हंशी तेच. तुम्ही काळजीनं देताय हे कळतं, पण नेमका तोच आहार आहे हा. कुत्र्याच्या खाद्याचंही तसंच. कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून त्यात ते वेगळं घालायचं बंधन नसतं.

शाकाहारी घरातच असं होतं असं समजू नका. आमच्याकडे चिकन शिजतं, तरी मी ही चूक चार वर्षं केली. आमची भुरी. तिच्यासाठी मी बोनलेस ब्रेस्ट आणायचे, कारण साफ, हाडं नाहीत, वासही कमी. कुकरला तीन शिट्ट्या, पाणी मोरीत, आणि पांढरे धागे सुटे करून भातात कालवायचे. यात दोन घोळ होते. कोंबडीच्या मांडीच्या गडद मांसात टॉरिन ब्रेस्टच्या कित्येक पटींनी जास्त असतं. आणि जे होतं ते पाण्यात विरघळणारं, म्हणजे निम्मंशिम्मं मी रोज मोरीत ओतत होते.

एका संध्याकाळी ती इस्त्रीच्या टेबलावरून फ्रिजवर उडी मारायला गेली आणि वीतभर अलीकडेच पडली. मला हसू आलं. आठवड्याभरात तिसऱ्यांदा पडली तेव्हा नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पडद्याच्या मधोमध झिजलेला पट्टा दाखवला. तो भाग परत येत नाही. आज ती अकरा वर्षांची आहे. चिकनचा तुकडा नाकासमोर धरला तर वासानं शोधते, पण भिंतीच्या कडेनं पाल सरकली की मान गर्रकन वळते, कारण कडेची नजर शाबूत आहे. घरातलं फर्निचर आम्ही हलवत नाही.

हृदयाचं मात्र वेगळं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे पशुवैद्य पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून दुबळं झालेल्या बऱ्याच मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदय सुधारलं. गंमत म्हणजे ही मांजरं विकतचं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमांत कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या ओल्या खाद्यात ०.२ टक्के लागतं, दोन्ही पाण्याचा अंश वगळून. ओल्याला दुप्पट, कारण डब्यात तापवताना जे बदल होतात त्यानं आतड्यातल्या टॉरिन खाणाऱ्या जिवाणूंचं फावतं. (मांजरांचे सगळे हृदयविकार टॉरिनमुळे होतात असं नाही. हल्ली जास्त दिसतो तो भिंती जाड होण्याचा, त्याच्याशी याचा संबंध नाही.)

मग पुडीचं काय? पूड कारखान्यात बनते, प्राण्यापासून काढत नाहीत, तेव्हा तुमच्या घराला चालेल. पण बोक्याचं अडतं ते एकट्या टॉरिनवर नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ॲराकिडोनिक आम्ल नावाचं चरबीतलं गरजेचं आम्लही प्राणिज अन्नातूनच मिळवावं लागतं. दूधभातात चमचाभर पूड म्हणजे फाटक्या छत्रीला एक ठिगळ.

तुमच्या जागी मी असते तर पिशवीवर ‘प्रौढ मांजरांसाठी संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं मांजराचं खाद्य आणलं असतं. घरात मांस शिजवायला लागत नाही, पिशवी गॅलरीत ठेवा, वाडगा वेगळा. एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या. कोणी मासळी खाणारं मैत्रिणीचं घर असेल तर वरचा खाऊ म्हणून माकुल (स्क्विड), तिसऱ्या (शिंपल्या) उत्तम, टॉरिन भरपूर. उकडलेल्या, बिनमिठाच्या, कांदा-लसूण अजिबात नाही, आणि उकडलेलं पाणी खाद्यावर ओतायचं. कच्ची मासळी रोज नको, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर टॉरिन लिहिलेलं असतं, ते मात्र कृपा करून बोक्याला पाजू नका. हे विचारणारेही भेटलेत.

पूड डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि साधी, जिमवाल्यांची चवीची नको. सुरू करण्याआधी बोक्याचं रक्त तपासून घ्या. एकदा पूड पोटात गेली की पातळी वर येते, मग आधी कमी होती का ते कळत नाही. डोळ्यांचा पडदा त्याच फेरीत बघून घ्या. आणि तो उडी मारताना हल्ली चुकतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगा.