टीव्हीवरच्या क्राइम मालिका पाहून लोक खरंच गुन्हे करायला लागतात का?

मोठ्या माणसांच्या बाबतीत ‘पाहिलं आणि केलं’ असं सहसा होत नाही. लहान मुलांचं वेगळं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात, मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तशीच बडवायला लागली. १९६३ मध्ये फिल्म दाखवूनही तेच झालं. अर्थात बाहुलीला मारणं म्हणजे गुन्हा नव्हे.

मला जास्त काळजी वाटते ती भीतीची. टीव्हीच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज गर्बनर यांचं म्हणणं होतं की फार टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा धोकादायक वाटू लागतं. आमच्या परळच्या इमारतीत हे डोळ्यांनी दिसतं. रात्रीची मालिका संपली की शेजारच्या काकू सेफ्टी डोअरची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघतात, आणि सकाळी संशय कोणावर? नव्या कामवाल्या बाईवर, नाहीतर कुरिअरवाल्या पोरावर. ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांना चोरासारखं वागवणं हासुद्धा वागण्यावरचा परिणामच आहे, फक्त त्याची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात होत नाही.

घरात मुलं असतील तर अशा मालिका त्यांना एकट्याने बघू देऊ नका. शेजारी बसा, मध्येच प्रश्न विचारा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याबद्दल बोला.