बिलाचे आकडे आधी नीट लावा

लातूर-संभाजीनगरकडच्या ऑफिसच्या किंवा दवाखान्याच्या वीजवापराचा आणि कार्बन उत्सर्जनाचा हिशोब करताना विजेची बिलं सलग 12 महिन्यांचीच घ्या. नुसती एप्रिल-मेची धरली तर एसी-कूलरमुळे आकडा फुगतो.

नवीन माणूस हमखास चुकतो तो एचटी (उच्चदाब जोडणीच्या) बिलात. त्यात केव्हीएएच (एकूण भासमान वीज) आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) दोन्ही असतात. आकारणी केव्हीएएचवर, पण आपल्याला लागतं केडब्ल्यूएच. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.9 असेल तर इथंच 11 टक्के जास्तीचे घुसतात! स्वतः मीटर वाचत असाल तर दोन रीडिंगमधल्या फरकाला मल्टिप्लाइंग फॅक्टरनं (मीटरच्या ठरलेल्या गुणकानं) गुणा.

समजा, वर्षाचे 1,20,000 युनिट, बांधकाम 1,500 चौरस मीटर (पार्किंग वगळून), म्हणजे 80 युनिट प्रति चौरस मीटर. नकाशा चौरस फुटांत असेल तर 10.764 नं भागा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2023-24 चा गुणांक युनिटमागे 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून उत्सर्जन 87.24 टन.

जनरेटरचं डिझेल वेगळं मांडा, लिटरला साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड. छतावर सोलर असेल तर बिलात फक्त ग्रिडची देवाणघेवाण दिसते. जागेवर वापरलेली वीज म्हणजे निर्मिती वजा निर्यात, आणि निर्मिती वेगळ्या मीटरवर पाहावी लागते. उन्हाळ्यात टँकर येत असतील तर त्यांचं डिझेल इमारतीच्या डिझेलमध्ये मिसळू नका, अप्रत्यक्ष उत्सर्जनात दाखवा.